पाच पात्यांवरून एका पात्यावर : दाढी आणि डोकं, दोन्ही डबल एज रेझरने

तापीकाठ (भुसावळ) | रविवार, सकाळी ११:२०

मंडळी, राम राम.

गेली तीन वर्षं डोक्यावर जे काही उरलं होतं ते सांभाळण्यात गेली. समोर मैदान, मागे भोवऱ्यापाशी खळं, मध्ये एक झुडूप. दिवाळीनंतर ठरवलं, आता सगळंच साफ. सुरुवात केली पाच पात्यांच्या कार्ट्रिजने (रेझरच्या दांड्याला बसवायचा पात्यांचा तयार संच), कारण दाढीला तेच वापरत होतो. डोक्यावर ते दोन-तीन हातांतच चोंदतं. पात्यांच्या मधे केस आणि फेस अडकून बसतो, नळाखाली कितीही धरा, निघत नाही. वर एक कार्ट्रिज दोनशेच्या आसपास आणि डोकं-दाढी मिळून आठ-दहा दिवसांत बोथट. मानेवर लाल पुटकुळ्या होत्याच, त्या आता मागे कवटीखालीही यायला लागल्या.

मग मी सगळे करतात तेच केलं. रात्री जागून व्हिडिओ पाहिले. कोणी अमेरिकेतला माणूस स्टीलच्या रेझरबद्दल अर्धा तास बोलतो, ३० अंशांचा कोन म्हणतो, साबणाचा वास घेऊन डोळे मिटतो. असे चाळीसेक व्हिडिओ झाल्यावर एका सकाळी दात घासताना बेसिनवरच्या फळीकडे लक्ष गेलं. बाबांचा रेझर. तोच. तीन तुकड्यांचा, दुधारी ब्लेडचा. बाबा रेल्वेत लागले तेव्हापासून, म्हणजे ४५ वर्षं, एक दिवसाआड त्याच्यानेच दाढी करतात. मी त्याच बेसिनसमोर त्यांच्यामागे उभा राहून माझी पाच पाती चालवत होतो आणि मला तो कधी दिसलाच नाही.

त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ट्रंकेत अजून एक आहे, घे." निघाला. हिरवट-काळा पडलेला. आईने माझ्या हातातून घेतला आणि मी अडवायच्या आत चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखा लख्ख घासला. वरचा निकेलचा मुलामा अर्धा उडाला, आतलं पितळ दिसायला लागलं. दिसायला आता तो मोडीत काढल्यासारखा आहे, पण चालतो उत्तम.

आता महिना झाला. जे कळलं ते लिहितो.

पहिल्या दिवशी हनुवटीखाली दोन आणि कानावर एक, अशा तीन ठिकाणी रक्त. कारण एकच, दाब. कार्ट्रिजच्या डोक्याला स्प्रिंग असते, ते वळतं, दबतं, आपण कितीही रेटलं तरी सांभाळून घेतं. हा रेझर सांभाळून घेत नाही. बाबा बाहेरून ओरडले, "दाबू नको, त्याला त्याचं वजन आहे." चाळीस व्हिडिओंमध्ये मिळून हे एक वाक्य होतं, खरं सांगायचं तर.

कोनासाठी अंश मोजत बसू नका. रेझरची वरची टोपी गालावर टेकवा, दांडा गालाला काटकोनात. मग दांडा हळूहळू खाली आणा आणि छोटा हात मारा. एका जागी खर्रर्र असा आवाज येतो, तो तुमचा कोन. डोक्यावर तर आवाजच उपयोगी, कारण डोळ्यांना दिसत नाही. पंखा बंद ठेवा म्हणजे ऐकू येईल (मे महिन्यात हा सल्ला मी स्वतः पाळणार नाही).

तिसरी गोष्ट पाणी. आमच्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा वापरायला बोअरचं पाणी. त्यात साबणाचा फेस होतच नाही, नुसता दही फाटल्यासारखा थर येतो. पंधरा दिवस मी साबणाला आणि ब्रशला दोष देत होतो. मग एकदा प्यायच्या जारमधलं अर्धी वाटी पाणी घेतलं आणि वाटीभर लोण्यासारखा फेस. धुवायला बोअरचंच, फेसाला तेवढं जारचं.

आता माझ्या अडचणी. एक, कवटीच्या मागच्या उंचवट्याखाली, मान सुरू होते तिथे, अजून खुंट राहतात. दोन, कानामागे भीती वाटते. आणि तीन, आई. बाप जिता असताना गोटा करायचा नसतो, असं तिचं म्हणणं. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी फाटकातूनच विचारलं, "अगं बाई, कोण गेलं?" तेव्हापासून आई माझ्याशी जेवणापुरतं बोलते.

---

पांढरं_सोनं (अमळनेर) | रविवार, दुपारी १२:०५

भो, तुन्हा धागा वाचीसन माले मन्हा आजानी याद उनी. आते बठ्ठा जण यूट्यूब दखीसन दाढी करतस!

बाकी मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर खान्देशी मंडळी अर्थ विचारत बसतात. माझ्या आजोबांचा रेझर बहिणाबाईंच्या जात्याएवढा जपलाय आम्ही, पण वापरत कोणी नाही. तुमचं वाचून काढावासा वाटतोय. ब्लेड अजून मिळतं का पण त्याचं? म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रेझरला आजचं बसतं?

आणि ते "कोण गेलं" भारी. तुमच्याकडे कडू घास घेऊन कोणी आलं नाही हेच नशीब.

---

यावलचा_पुण्यात | रविवार, दुपारी १:३०

@पांढरं_सोनं, बसतं. कुठल्याही टपरीवजा जनरल स्टोअरमध्ये मिळणारं दुधारी ब्लेड तुमच्या आजोबांच्या रेझरला बसेल. यामागे जरा इतिहास आहे, माझा आवडता विषय, तेव्हा सहन करा.

किंग कॅम्प जिलेट या माणसाने १९०१ मध्ये अशा दुधारी ब्लेडच्या रेझरसाठी कंपनी काढली. खरी अडचण होती पातळ पोलादी पत्र्याला धार लावण्याची. जाणकार म्हणत होते होणार नाही. विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरने ते करून दाखवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ ला. लोक सांगतात की त्याने रेझर फुकट वाटले आणि ब्लेडांवर पैसा कमावला. तसं नव्हतं. पेटंट हातात होतं तोवर रेझर ५ डॉलरला होता, त्या काळी ती चांगलीच रक्कम. स्वस्ताई आली ती १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर, कारण मग कोणीही तसा रेझर आणि तसं ब्लेड बनवू लागलं. ब्लेडचं माप आणि मधली खाच सगळ्या जगात एकसारखी होत गेली ती त्यातून. म्हणून आज दुकानात मिळणारं ब्लेड तुमच्या अमळनेरच्या आजोबांच्या रेझरला बसतं.

आता उलटं बघा. १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. प्रत्येकाचा सांधा वेगळा, पेटंट वेगळं. रेझर एका कंपनीचा आणि कार्ट्रिज दुसऱ्याचं असं चालत नाही. पाती वाढली ती गालासाठी वाढली की सांध्यासाठी, ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत उघड आहे.

@तापीकाठ, तुमच्या पुटकुळ्यांचंही तेच कारण असावं. अनेक पात्यांत पहिलं पातं केसाला धरून जरा वर ओढतं, मागचं कापतं, आणि केस परत त्वचेच्या खाली जातो. कुरळा केस असेल तर तो वर येताना वळून कातडीतच घुसतो. एकच पातं केस त्वचेच्या पातळीवर कापतं. तुळतुळीतपणा थोडा कमी, त्रास बराच कमी.

ब्लेड लावताना एक काळजी : टोपी आणि खालची पट्टी बोटांनी एकमेकींवर दाबून धरा आणि मग दांडा फिरवा. नुसता दांडा आवळला की ब्लेड तिरकं बसतं, एका बाजूने जास्त बाहेर येतं. समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून दोन्ही कडा सारख्या दिसतात का बघा. जुन्या रेझरची पट्टी वाकलेली असेल तर हे कधीच जमत नाही, तो मग कपाटातच शोभतो.

---

ट्रिमर_झिंदाबाद (जळगाव) | रविवार, दुपारी २:१०

एवढा उपद्व्याप कशासाठी? झिरो ट्रिमर, चार मिनिटं, ना रक्त ना फेस. डोकं तुळतुळीत नसलं तर काय लग्न मोडणार आहे?

---

तापीकाठ | रविवार, दुपारी २:२५

लग्न झालंय. ट्रिमर चांगलाच आहे, आठवडाभर वाढलं की आधी मीही तोच फिरवतो. पण एप्रिल-मे मध्ये भुसावळात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ते अर्धा मिलिमीटर खुंट घामाने टोचतात, टोपी घातली की टोपीला अडकतात, उशीला अडकतात. साफ डोक्यावर ओला रुमाल टाकून बघा एकदा, मग बोलू.

---

शहादेकर_सलून | रविवार, रात्री १०:४०

दुकान आत्ता बंद केलं, उद्या सोमवार, म्हणून निवांत लिहितो. मी तिसऱ्या पिढीतला. आजोबा धोकटी घेऊन गावोगाव फिरायचे, बलुत्यावर. वडिलांनी शहाद्यात दुकान टाकलं.

तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तर. मान खाली घालून मागचा भाग करताय ना? सगळे तेच करतात. मान खाली घातली की मागची कातडी ताणली जाते हे खरं, पण त्या उंचवट्याखाली खड्डा असतो, तिथे रेझर टेकतच नाही, दोन टोकांवर अधांतरी राहतो. मान सरळ ठेवा, डाव्या हाताने कातडी वर, भोवऱ्याकडे ओढा आणि उजव्याने खाली या. हात बोटाच्या एका पेराएवढाच मारायचा. लांब हात फक्त वरच्या सपाट भागावर.

केसांची दिशा आधी हाताने बघून घ्या. दोन दिवसांचे खुंट असताना तळहात फिरवा. जिकडे गुळगुळीत लागतं ती दिशा, जिकडे खरखरतं ती उलटी. डोक्यावर एक दिशा नसते. भोवऱ्यापाशी केस गोल फिरतात, तिथे रेझरही गोलाने फिरवावा लागतो. मानेच्या मागे बऱ्याच जणांचे केस मधल्या रेषेकडे आडवे येतात, काहींचे तर खालून वर. तुमचे खुंट तिथे राहतात त्याचं हेही कारण असेल, तुम्ही खाली ओढताय आणि केस आडवे आहेत. पहिली फेरी केसांच्या दिशेने, पुन्हा फेस, दुसरी आडवी. उलटी फेरी पहिले दोन महिने नको.

कानामागे : दुसऱ्या हाताने कान पुढे दुमडून गालाला चिकटवायचा. लहान पोराचे केस कापताना करतो तसं. मग कातडी सपाट होते आणि कान वाटेतून जातो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, भिजवणं. आमच्या इथून जवळच प्रकाशा, दक्षिण काशी म्हणतात, तापी-गोमाईचा संगम. आजोबा तिथे घाटावर मुंडणाला बसायचे. क्रियाकर्माच्या मुंडणाला साबण नसतो, फक्त पाणी. त्या पाण्यावरच वस्तरा फिरायचा आणि ओरखडा नाही. ते आधी डोकं ओल्या हाताने चोळत बसायचे, बराच वेळ. गिऱ्हाईक रडत असायचं, ते चोळत असायचे. वडील म्हणायचे, हजामत पाण्याने होते, वस्तरा नुसता केस गोळा करतो.

आम्ही दुकानात तुमचंच दुधारी ब्लेड वापरतो. कागदासकट मधोमध वाकवलं की कट्ट करून दोन होतात, अर्धं वस्तऱ्यात. प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं, त्याच्या डोळ्यासमोर. रक्तातून पसरणाऱ्या आजारांची माहिती लोकांना झाली तेव्हापासून हे पक्कं झालं, ते बरंच झालं.

तुम्ही घरी शिकलात म्हणून राग नाही. मागची मान महिन्यातून एकदा आमच्याकडून करून घ्या म्हणजे झालं.

---

यावलचा_पुण्यात | रविवार, रात्री ११:०२

हा प्रतिसाद प्रिंट काढून आरशाला चिकटवण्यासारखा आहे.

---

कडुनिंब (धुळे) | सोमवार, सकाळी ८:१५

त्वचारोग हे माझं रोजचं काम, म्हणून दोन गोष्टी.

शहादेकरांचं भिजवणं अगदी शास्त्रीय आहे. केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. ओला केस कापायला कोरड्यापेक्षा बरीच कमी ताकद लागते. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी पुरतं. आंघोळीनंतर लगेच केलंत तर वेगळं काही करायला नको.

डोक्यावर कुठे मस किंवा उंच तीळ आहे का हे केस जाण्याआधी आपल्याला माहीतच नसतं. पहिल्यांदा करताना घरच्यांकडून बघून घ्या आणि तेवढी जागा सोडा. वारंवार कापला जाणारा, रंग किंवा आकार बदलणारा तीळ डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, जखम भरायला वेळ लागणारा मधुमेह असेल, किंवा कापलेल्या जागी जाड वळ उठायची सवय असेल, तर हा छंद तुमच्यासाठी नाही, ट्रिमर बरा. (ट्रिमर_झिंदाबाद, खूश?)

तुरटी लावा, हरकत नाही. बारीक रक्त थांबतं. फार झोंबलं तर समजा आज हात जड पडला.

आणि उन्हाचं विसरू नका. इतकी वर्षं केसांखाली असलेली कातडी एकदम खान्देशच्या उन्हात काढताय. पहिल्याच आठवड्यात भाजून, साल निघून येणारे लोक मी पाहते. सनस्क्रीन डोक्यालाही लागतं, आणि त्यावर रुमाल.

ब्लेड आणि रेझर घरातल्या घरातही वाटून घेऊ नका. कावीळ बी आणि सी रक्तातून जाते, आणि ब्लेडवरचं रक्त दिसेलच असं नाही.

---

कळण्याची_भाकरी (रावेर) | सोमवार, सकाळी १०:३०

पुरुषांच्या धाग्यात घुसते, पण एक विचारायचंय. वापरलेली ब्लेडं तुम्ही टाकता कुठे?

आमच्या घरी सासरे ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. एकदा घंटागाडीवरच्या बाईंचा हात चिरला. त्या काही बोलल्या नाहीत, फडकं बांधून पुढे गेल्या, मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून एक पत्र्याची डबी केलीय, तेलाची जुनी. वर ब्लेड जाईल एवढी फट, झाकण फेविक्विकने बंद. गल्ल्यासारखी. चार वर्षांत अर्धीही भरली नाही. भरली की भंगारवाल्याला सांगून, दाखवून देणार.

एखादं ब्लेड मी शिवण उसवायला ठेवते, ते कबूल करते. एका धारेला चिकटपट्टी लावून.

आणि तापीकाठ, तुमच्या आईंचं. आमच्याकडे दिरांनी टक्कल केलं तेव्हा सासूबाई अशाच रुसल्या होत्या. त्यांचा राग डोक्यावर नव्हता, लोक विचारतात त्यावर होता. दर वेळी "कोणी नाही गेलं" असं आपल्याच तोंडाने म्हणायचं म्हणजे कसंतरीच वाटतं हो. थोडी मिशी किंवा दाढी ठेवा. मुंडणात मिशीही जाते, ती दिसली की लोकांना आपोआप कळतं. दिरांनी तेच केलं.

---

पांढरं_सोनं | सोमवार, सकाळी १०:५०

मिशीचा सल्ला जबरदस्त आहे.

आता ब्लेडाचं बोला ना कोणी. आमच्या अमळनेरात साबण हवा तेवढा. विप्रोची सुरुवात आमच्याच गावातली, १९४५, तेल आणि साबण, हे सांगितल्याशिवाय अमळनेरकराचा प्रतिसाद पूर्ण होत नाही. पण ब्लेडं दुकानात तीन-चार प्रकारची दिसतात, कोणतं घ्यावं?

---

यावलचा_पुण्यात | सोमवार, दुपारी १:१५

याचं उत्तर कोणी देऊ शकत नाही. एकाच ब्लेडने एकाचा गाल लोणी होतो आणि दुसऱ्याचा जळतो. मला टोपाझ बरं, माझ्या भावाला तेच खरखरतं, त्याला सेव्हन ओ'क्लॉक. वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पाकिटं घ्या, प्रत्येकाची दोन ब्लेडं वापरून बघा. एवढ्या प्रयोगाचा खर्च एका कार्ट्रिजपेक्षा कमी येतो.

जपानचं फेदर मात्र सुरुवातीला नको. फार तीक्ष्ण. ते म्हणजे आपली झणझणीत शेवभाजी. सवय असलेल्याला स्वर्ग आणि पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी.

किती दिवस? नुसती दाढी असेल तर चार-पाच वेळा. डोकं आणि दाढी दोन्ही असेल तर मी दोन-तीन वेळांत बदलतो, डोक्याचं क्षेत्रफळ मोठं. ब्लेड ओढायला लागलं की बदला, पैसे वाचवत बसू नका. दाढीनंतर रेझर उघडून, पाण्यातून काढून, झटकून ठेवा. ब्लेडची धार कापडाने पुसू नका.

---

ट्रिमर_झिंदाबाद | सोमवार, दुपारी १:४०

विमानाने जाताना काय करता मग? माझी सगळी सामग्री ट्रिमरच्या एका डबीत.

---

यावलचा_पुण्यात | सोमवार, दुपारी २:००

सुटी ब्लेडं केबिन बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्ये टाकायची. नुसता रेझर, ब्लेडशिवाय, बहुतेक वेळा जाऊ देतात, पण वाद घालण्यापेक्षा तोही खालच्या बॅगेत. पोहोचल्यावर ब्लेड कुठेही मिळतं, पुण्यातसुद्धा.

---

तापीकाठ | पुढचा शनिवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. आठवडाभर अप-डाऊनच्या गाडीत उभ्याने धागा वाचत होतो, आज लिहितो.

शहादेकरांनी सांगितलं ते केलं. मान सरळ, कातडी वर. तळहाताने दिशा बघितली तर माझ्या मानेचे केस डावीकडून उजवीकडे चाललेत, दोन्ही बाजूंनी नाही, सरसकट एकाच बाजूला, वारा लागलेल्या ज्वारीसारखे. महिनाभर मी त्यांना खाली ओढत होतो. आडवा हात मारला आणि पहिल्याच फेरीत साफ. कान दुमडायची युक्तीही चालली. बायकोने भोवऱ्याची दिशा सांगताना शोध लावला की मला भोवरे दोन आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं आपल्याकडे म्हणतात. त्यानंतरचा तपशील धाग्यात देत नाही.

मिशी ठेवतोय. पाच दिवसांची आहे, सध्या नुसती काळी रेघ. काकू काल म्हणाल्या, "अस्सं, हौसेने केलंय होय." आईने आज वरणबट्टी केली. विचारून वाढली.

आता खरी गोष्ट. परवा बाबांची दाढी नीट बसून पाहिली, पहिल्यांदाच. माझ्या व्हिडिओंमधलं ते काहीच करत नाहीत. ब्रश गोल फिरवत नाहीत, रंगाऱ्यासारखा वर-खाली मारतात. दुसरी फेरी नाही. फेस डाव्या हाताच्या तर्जनीवर पुसत जातात आणि शेवटी तोच फेस, केस बाजूला करून, राहिलेल्या ठिकाणी परत लावतात. मिशीच्या कडा रेझरच्या कोपऱ्याने अशा काढतात की मला बघवत नाही. चार मिनिटं. एक थेंब रक्त नाही.

आणि मग त्यांनी ब्लेड काढलं, स्टीलच्या नाही, काचेच्या ग्लासात आतून टेकवलं आणि बोटाने दाबून मागे-पुढे, मागे-पुढे घासलं. दोन्ही बाजू. धुतलं, परत लावलं. म्हणे धार येते. मी विचारलं, हे ब्लेड कधीचं? म्हणाले, "पोळ्याच्या आधी लावलं असेल." पोळा होऊन तीन महिने झालेत.

यावलकर, याला काय म्हणायचं?

---

पांढरं_सोनं | शनिवार, रात्री ९:१८

मन्हा आजाबी तेच करे! काचना गिलासमा!

---

यावलचा_पुण्यात | शनिवार, रात्री १०:००

याला त्या पिढीची सवय म्हणायचं, आणि तिला एके काळी अर्थ होता. १९६० च्या दशकात स्टेनलेस ब्लेडं रुळायच्या आधी ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची असायची. दोन दाढ्यांत गंज चढायचा, धार किंचित वाकायची. काचेच्या आतल्या वळणावर घासलं की गंज निघायचा, वाकलेली धार थोडी सरळ व्हायची. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवतात तसंच काहीसं. आजच्या ब्लेडच्या धारेवर मात्र क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा आणि टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिशय बारीक थर असतो, त्यामुळे ते गुळगुळीत चालतं. काचेवर घासलं की आधी तो थर जातो.

पण तीन महिने एका ब्लेडवर, रक्त नाही आणि चार मिनिटांत दाढी... मी काकांना शिकवायला जाणार नाही.

---

शहादेकर_सलून | शनिवार, रात्री १०:५५

हात आहे तो. ४५ वर्षांत त्यांना गालाचा नकाशा पाठ झालाय. ब्लेड बोथट असेल तर ते हाताने भरून काढतात, त्यांना स्वतःला कळतही नसेल. त्यांचं ब्लेड तुम्ही लावू नका, सोलून निघाल.

---

कडुनिंब | रविवार, सकाळी ७:५०

गंजलेलं असेल तर तेवढं बदलायला लावा. बाकी मी काही बोलत नाही. माझे वडील पण ऐकत नाहीत.

---

तापीकाठ | रविवार, सकाळी ९:३०

काल रात्री हे सगळं त्यांना वाचून दाखवलं, क्रोमियम, टेफ्लॉन, सगळं. शांतपणे ऐकलं. मी नवीन पाकीट त्यांच्या फळीवर ठेवलं.

आज सकाळी बघतो तर पाकिटातलं एक ब्लेड कमी. मला बरं वाटलं. मग आई म्हणाली, ते तिने घेतलंय, ब्लाउज उसवायला. बाबांचं जुनंच चालू आहे.

---

कळण्याची_भाकरी | रविवार, सकाळी ९:४१

एका बाजूला चिकटपट्टी लावायला सांगा त्यांना.

---

ट्रिमर_झिंदाबाद | रविवार, सकाळी ११:१५

आमच्याकडे सकाळपासून लाइट नाही. ट्रिमर अर्ध्या दाढीवर बंद पडला. जळगावात गोलाणी मार्केटच्या आसपास साधा रेझर कुठे मिळेल, कोणी सांगेल का? हसायचं नाही.